जुनी ध्वनिमुद्रिका आणि प्रताधिकार : मराठी संगीताच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

मराठी संगीताच्या अभ्यासात जुन्या ध्वनिमुद्रिकांचा आधार घेण्याची प्रथा आता रुळली आहे. नाट्यसंगीतावरील प्रबंध असो वा एखाद्या घराण्यावरील लेख असो, अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर यांच्या तबकड्यांचा उल्लेख त्यात हमखास येतो. परंतु हेच ध्वनिमुद्रण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात संगणकावर उतरवून ठेवावे, विद्यार्थ्यांना ऐकण्यासाठी खुले करावे, किंवा एखाद्या लेखाबरोबर प्रसिद्ध करावे असा विचार मांडला, की दोन परस्परविरोधी उत्तरे मिळतात. ‘एवढे जुने झाले, आता त्यावर कोणाचा हक्क?’ हे एक. आणि ‘कंपनीचे आहे, हात लावू नका’ हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे तपासणीवाचून दिलेली असतात. पहिल्या उत्तराने प्रसंगी कोणाचा तरी न्याय्य हक्क डावलला जातो, तर दुसऱ्या उत्तराने समाजाच्या मालकीची झालेली वस्तू कपाटात कुलूपबंद राहते.

प्रस्तुत लेखात जुने ध्वनिमुद्रण सार्वजनिक मालकीचे झाले आहे किंवा नाही हे कसे ठरते, याचा विचार मराठी संगीतातील उदाहरणांच्या आधारे केला आहे. वरवर हा विषय विधिशास्त्राचा वाटतो. कायद्यातील मुदतीचे गणित अवघड नाही. त्या गणितात घालावयाची वर्षे आणि नावे मात्र संगीताच्या इतिहासाने पुरवायची असतात, आणि आपले संगीतविषयक लेखन नेमके तेथेच तोकडे पडते, असे दिसून येते.

एका तबकडीतील अनेक हक्क

सर्वसामान्यतः ‘गाण्याचा हक्क’ असा एकवचनी उल्लेख केला जातो. वस्तुतः लाखेच्या एका तबकडीच्या एका बाजूवर, सुमारे तीन-साडेतीन मिनिटांच्या गायनात, किमान तीन स्वतंत्र हक्क एकावर एक बसलेले असतात. पदाच्या शब्दांवर कवीचा हक्क, चालीवर संगीतकाराचा हक्क आणि प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणावर ते करविणाऱ्याचा, म्हणजे बहुधा कंपनीचा, हक्क. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार पहिले दोन हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र कोणाच्याही मृत्यूवर अवलंबून नाही. ते ज्या वर्षी प्रथम प्रसिद्ध झाले त्याच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे तो टिकतो. म्हणजे १९६५ साली प्रथम बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकेचा हक्क २०२५ च्या डिसेंबरअखेर संपतो. त्याआधी प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकांचा त्याहूनही आधी.

या यादीत गायकाचे नाव नाही, हे वाचकाच्या लक्षात आले असेल. १९५७ च्या मूळ कायद्याने गायकाला कोणताच हक्क दिला नव्हता. १९७७ साली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी विरुद्ध ईस्टर्न इंडिया मोशन पिक्चर्स असोसिएशन या खटल्याच्या निकालाला न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जी पुरवणी जोडली, तीत या उणिवेवर बोट ठेवले होते : चाल बांधणाऱ्याला हक्क आहे, निर्मात्याला आहे, पण ज्याच्या कंठातून ते गाणे प्रकट होते त्याला नाही. ‘प्रयोगकर्त्याचा हक्क’ कायद्यात आला तो १९९४ च्या दुरुस्तीने, १० मे १९९५ पासून. आरंभी २५ वर्षांचा आणि १९९९ च्या दुरुस्तीने ५० वर्षांचा. हा हक्क पूर्वीच्या गायनाला लागू होतो काय, हा वाद येथे बाजूला ठेवता येतो. कारण तो लागू होतो असे क्षणभर मानले, तरी १९६५ पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिकेतील गायन १९६५ पर्यंतच झालेले असणार आणि त्याची ५० वर्षे २०१५ अखेर संपलेली असणार. गायकावर अन्याय झाला नाही, असा याचा अर्थ नव्हे. त्या अन्यायाची भरपाई करण्याची वेळ कायद्याने गमावली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

आता एक उदाहरण घेऊ. ‘संगीत स्वयंवर’ (१९१६) मधील बालगंधर्वांच्या आवाजातील एखादे पद. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे. चाली भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या. भास्करबुवा १९२२ मध्ये निवर्तले. त्या काळच्या ५० वर्षांच्या हिशेबाने त्यांच्या चालींवरील हक्क (असा काही हक्क होता असे मानले तर, त्याविषयी पुढे) १९७२ अखेर संपला. खाडिलकरांचे निधन १९४८ मध्ये झाले. ५० वर्षांचा हिशेब कायम राहता तर त्यांची पदे १९९९ च्या आरंभी मोकळी झाली असती. मुदत वाढल्यामुळे ती २००९ च्या आरंभी मोकळी झाली. तबकडी १९४० पूर्वीची असेल तर तिचा हक्क १९९० पर्यंतच संपला. तिन्ही थर मोकळे. तबकडी निःशंकपणे समाजाची.

परंतु याच खाडिलकरांच्या ‘संगीत मानापमान’ (१९११) कडे वळले, की उत्तर तेच राहून वर्ष बदलते. तेथे चाली गोविंदराव टेंबे यांच्या, आणि टेंबे १९५५ पर्यंत हयात होते. म्हणून तेथील चालींचा हिशेब २०१५ च्या अखेरीपर्यंत जातो. पुढे गंधर्व नाटक मंडळीच्या ज्या नाटकांना मास्टर कृष्णराव फुलंब्रीकरांनी चाली दिल्या, तेथे उत्तरही बदलते. मास्टर कृष्णराव १९७४ मध्ये गेले. त्यांच्या रचना २०३४ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. गाणारे तेच बालगंधर्व, नाटक मंडळी तीच, तबकडी काढणारी कंपनीही कदाचित तीच. तरीही एक तबकडी मोकळी आणि दुसरी अर्धी बांधलेली. ‘बालगंधर्वांच्या रेकॉर्ड्स आता मोकळ्या आहेत’ हे विधान त्यामुळे खरेही नाही आणि खोटेही नाही. ते अपुरे आहे.

वर्षाचा प्रश्न

हिशेब सोपा असला तरी त्याचा आरंभबिंदू, म्हणजे प्रथम प्रसिद्धीचे वर्ष, सापडणे हीच खरी अडचण होय. ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्यांच्या लेबलावर वर्ष छापलेले नसते. असते ते गायकाचे नाव, पदाचे पहिले शब्द, नाटकाचे वा रागाचे नाव आणि एक क्रमांक. कवी आणि संगीतकार यांची नावेही बहुधा नसतात. लेबलाच्या कडेला, जेथे खाचा संपतात त्या गुळगुळीत पट्ट्यावर, आणखी एक क्रमांक कोरलेला असतो. तो साच्याचा क्रमांक. लेबलावरचा क्रमांक विक्रीचा, साच्याचा क्रमांक ध्वनिमुद्रणाचा. एकच ध्वनिमुद्रण पुढे वेगळ्या विक्री-क्रमांकाने पुन्हा बाजारात आले तर लेबल बदलते, साच्याचा क्रमांक सहसा तोच राहतो. म्हणून वर्ष शोधणाऱ्याने आधी साचा पाहावा, मग लेबल.

या दोन क्रमांकांवरून वर्षापर्यंत पोहोचण्यासाठी कंपन्यांच्या नोंदवह्या, मासिक याद्या, जाहिराती आणि त्यांवर आधारलेल्या ध्वनिमुद्रिका-सूची यांचा आधार घ्यावा लागतो. १९०२ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीसाठी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळात तबकड्या छापल्या जात जर्मनीत, हॅनोव्हरला. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीतून आपले नाव सांगतात. परक्या देशातील कारागिराला तबकडी ओळखता यावी म्हणून ही सोय होती, असे सांगितले जाते. त्या उद्घोषणेने नाव टिकले, पण वर्ष टिकले नाही. ते शोधून काढले मायकेल किनीअर यांच्यासारख्या सूचिकारांनी. ग्रामोफोन कंपनीच्या भारतातील पहिल्या ध्वनिमुद्रणांची आणि अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकांची किनीअर यांनी केलेली सूची ही या क्षेत्रातील पायाभूत कामे होत. मुंबईतील सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिच्याशी निगडित सुरेश चांदवणकर यांनीही संग्राहकांच्या हाती विखुरलेली माहिती एकत्र आणण्याचे मोठे काम केले आहे. हे काम करणारे बहुतेक जण विद्यापीठांच्या बाहेरचे आहेत, ही गोष्ट विद्यापीठीय अभ्यासकांनी नोंदवून ठेवावी अशी आहे.

मराठीतील संगीतविषयक लेखनाची परंपरा समृद्ध आहे. वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ (१९६१) सारख्या ग्रंथामागे मैफलीतील दीर्घ श्रवण आहे आणि तेथे तबकडीच्या क्रमांकाची अपेक्षा धरणे अन्यायाचे ठरेल. पण ज्या लेखनाचा सारा आधारच ध्वनिमुद्रिका आहे, त्या अलीकडच्या लेखांत आणि प्रबंधांतही ‘बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेत ही तान अशी येते’ एवढाच उल्लेख पुरेसा मानला जातो. कोणती ध्वनिमुद्रिका? एकच पद बालगंधर्वांनी एकाहून अधिक वेळा मुद्रित केले असेल तर त्यांतील कोणते मुद्रण? मुद्रित ग्रंथातील उतारा देताना आवृत्ती, वर्ष आणि पृष्ठांक देण्याचा आग्रह धरणारे मार्गदर्शक ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मौन पाळतात. वाङ्मयाच्या अभ्यासात ही ढिलाई कोणी खपवून घेतली नसती.

ही ढिलाई केवळ कायद्याच्या दृष्टीने महाग पडते असे नव्हे. आरंभीच्या काळातील तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या नसत. त्यांची गती कमी-अधिक असे. तबकडी कोणत्या काळातील, हे समजल्याशिवाय ती कोणत्या गतीने वाजवावी हे ठरत नाही. आणि गती ठरल्याशिवाय गायकाचा खरा स्वर ठरत नाही. काळी एक की काळी दोन, हा प्रश्नच मग अधांतरी राहतो. चुकीच्या गतीने ऐकलेल्या तबकडीवरून तानेच्या द्रुतगतीचे कौतुक करणारी समीक्षा कशाचे कौतुक करते, हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ज्या एका तारखेवर प्रताधिकाराचा निर्णय अवलंबून असतो, तीवरच रसग्रहणाचाही पाया उभा असतो.

वर्षाच्या बाबतीत आणखी एक फसगत संभवते. पुढे त्याच मुद्रणांच्या कॅसेट आणि सीडी निघाल्या. त्यांच्या वेष्टनावर वर्तुळातील ‘पी’ या चिन्हापुढे जे वर्ष छापलेले असते, ते पुष्कळदा त्या नव्या आवृत्तीचे असू शकते. १९८४ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेले कलम ५२-अ ध्वनिमुद्रणावर प्रथम प्रसिद्धीचे वर्ष छापण्याची सक्ती करते. त्याचे काटेकोर पालन झाले असते तर अभ्यासकांचे निम्मे काम हलके झाले असते. केवळ खरखर काढून, आवाज साफ करून पुन्हा काढलेल्या मुद्रणाला नवीन ६० वर्षे मिळतात काय? तसे म्हणणारी तरतूद अधिनियमात नाही. अधिनियमातील व्याख्येनुसार ध्वनिमुद्रण म्हणजे ध्वनींची नोंद, मग ती कोणत्याही माध्यमावर असो. ध्वनी तेच असतील तर माध्यम बदलल्याने नवे ध्वनिमुद्रण निर्माण होत नाही, असे म्हणणे त्या व्याख्येशी अधिक सुसंगत आहे. तरीही सावध अभ्यासकाने साफ केलेल्या सीडीवरून प्रत न काढता मूळ तबकडीवरून काढावी. वादाला जागाच राहत नाही, आणि मूळ आवाजही तोच असतो.

१९१४ ते १९९२ : बदलती मुदत

मुदतीचा इतिहास येथे थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९१४ च्या भारतीय कायद्याने इंग्लंडचा १९११ चा कायदा येथे लागू केला. त्यात ध्वनिमुद्रिकेचा हक्क मूळ साचा तयार झाल्यापासून ५० वर्षे होता. गौहर जान यांची १९०२ ची मुद्रणे अशा रीतीने १९५२ मध्येच मोकळी झाली, आणि २१ जानेवारी १९५८ रोजी नवा कायदा अंमलात आला तेव्हा त्याने संपलेले हक्क पुन्हा जिवंत केले नाहीत. नव्या कायद्याने गणना साच्याऐवजी प्रसिद्धीपासून सुरू केली. पुढे १९९१ अखेर रवींद्रनाथ ठाकूर यांच्या साहित्याचा हक्क संपत होता. तो संपू नये म्हणून २८ डिसेंबर १९९१ रोजी, अवघे चार दिवस उरले असता, वटहुकूम निघाला आणि १९९२ च्या दुरुस्तीने सर्वच मुदती ५० वरून ६० वर्षांवर गेल्या. एका कवीसाठी केलेली ही तरतूद लाखेच्या तबकड्यांनाही लागू झाली. परिणामी १९४० साली प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रिका १९९१ च्या आरंभी मोकळ्या झाल्या आणि १९४१ च्या ध्वनिमुद्रिका मात्र २००२ च्या आरंभी. मधल्या काळात एकही ध्वनिमुद्रिका समाजाकडे आली नाही. अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) यांची ओडियन कंपनीने १९३० च्या दशकात काढलेली मुद्रणे अलीकडच्या तीरावर राहिली. १९४० नंतरच्या पिढीची मुद्रणे पलीकडे गेली. आता हा फरक केवळ इतिहासाचा भाग उरला आहे. तथापि १९९० च्या दशकात दिलेले कायदेविषयक सल्ले आजही काही संस्थांत प्रमाण मानले जात असल्यास, ते त्या अकरा वर्षांच्या दुष्काळात दिलेले होते हे लक्षात ठेवावे.

संताचे नाव, कवीचा हक्क

जुनेपणाचा भास कसा फसवतो याचे उत्तम उदाहरण प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात आढळते. त्यातील एक पद आज कीर्तनातून आणि भजनी मंडळांतून तुकोबांचा अभंग म्हणून गायले जाते. ते वास्तविक शांताराम आठवले यांनी चित्रपटासाठी लिहिलेले आहे. तुकोबांच्या शब्दकळेशी ते इतके एकरूप झाले की गाथेत ते नाही, हे सांगूनही पटत नाही. कवीला याहून मोठी दाद कोणती मिळणार! पण हिशेबाच्या दृष्टीने ही दाद धोक्याची आहे. तुकोबांचा अभंग सतराव्या शतकातील, म्हणून निःसंशय सर्वांचा. आठवले यांचे निधन १९७५ चे, म्हणून त्यांचे शब्द २०३५ अखेरपर्यंत संरक्षित. हक्क कवीच्या वारसांकडे असो की चित्रपटसंस्थेच्या उत्तराधिकाऱ्यांकडे, मुदत कवीच्या मृत्यूपासूनच मोजली जाते. १९३० च्या दशकात निघालेल्या त्या पदाच्या तबकडीवरील कंपनीचा हक्क १९८० च्या दशकातच संपला आहे. म्हणजे तबकडी मोकळी, शब्द बांधलेले. येथे पाठचिकित्सा आणि प्रताधिकार हातात हात घालून चालतात. गाथेचा पाठ तपासल्याशिवाय हक्काचा निर्णय होत नाही.

बंदिशीचा कर्ता कोण

ख्यालाच्या ध्वनिमुद्रिकेत शब्द आणि चाल यांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. सदारंगाच्या बंदिशीला अठराव्या शतकाचे वय आहे, तिथे वाद नाही. पण तीन मिनिटांच्या तबकडीत बंदिश असते दोन ओळींची. बाकी सारा विस्तार गायकाचा. तो ‘संगीतकृती’ होय काय? १९५७ च्या मूळ व्याख्येनुसार संगीतकृती ही लिहिलेली, छापलेली वा अन्यथा रेखित स्वरूपात असणे आवश्यक होते. गळ्यातून गळ्यात आलेली चाल त्या व्याख्येत बसत नव्हती. लेखनाची ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. भास्करबुवांच्या चालींविषयी वर जो संशय व्यक्त केला, तो याच कारणाने. गुरुमुखी परंपरेची कृती युरोपातील लिखित स्वरलिपीच्या मापाने मोजण्याचा हा प्रकार होता, आणि त्याची किंमत हिंदुस्थानी संगीतकारांनी मोजली. भातखंड्यांनी शेकडो बंदिशी लिपिबद्ध केल्या. त्यांच्या ग्रंथांवरील हक्क त्यांच्या निधनानंतर (१९३६) ५० वर्षांनी, १९८६ अखेर, संपला. पुढची वाढीव मुदत त्यांना लागू झाली नाही.

हा प्रश्न केवळ जुना नाही. ‘शिवस्तुती’ ही रचना धाकट्या डागर बंधूंची असून ती एका तमिळ चित्रपटगीतात वापरली गेली, असा दावा फैयाज वासिफुद्दीन डागर यांनी ए. आर. रहमान यांच्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात केला. एप्रिल २०२५ मध्ये एकल न्यायाधीशांनी डागर यांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये खंडपीठाने तो रद्द केला. रचना गायिली याचा अर्थ ती रचली असा होत नाही, हा खंडपीठाच्या विवेचनातील गाभा होय. अंतरिम टप्प्यावरील या मतभेदातून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या ध्वनिमुद्रणावर गायकाचे नाव आहे, एवढा पुरावा रचनाकर्तृत्वासाठी पुरत नाही. घराण्यांच्या इतिहासात ‘अमुक बंदिश अमुक बुवांची’ अशी विधाने आपण किती सहजपणे करतो, याचा पुनर्विचार करण्याची वेळ यामुळे आली आहे.

सीमेपलीकडे

महाराष्ट्राबाहेर आणि देशाबाहेर राहणाऱ्या मराठी मंडळींनी जुन्या तबकड्यांचे संग्रह जपले आहेत. त्यांच्यासाठी एक इशारा आवश्यक ठरतो. भारतात मोकळी झालेली ध्वनिमुद्रिका अमेरिकेत मोकळी असेलच असे नाही. तेथे २०१८ च्या कायद्याने १९२३ पूर्वीची सर्व ध्वनिमुद्रणे १ जानेवारी २०२२ रोजी मोकळी झाली. १९२३ ते १९४६ मधील ध्वनिमुद्रणांना सामान्यतः १०० वर्षे आणि १९४७ ते १९५६ मधील ध्वनिमुद्रणांना ११० वर्षे असा तेथील हिशेब आहे. म्हणजे मुंबईत ज्या तबकडीविषयी कोणी विचारणार नाही, तिच्याविषयी न्यू जर्सीत प्रश्न उपस्थित होऊ शकतो. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. सूर्यमालेबाहेर जाणाऱ्या त्या तबकडीसाठीही पृथ्वीवरील हक्कधारकांच्या परवानग्या घ्याव्या लागल्या होत्या, ही गंमत येथे नमूद करण्यासारखी आहे.

मैफलीच्या फिती

आतापर्यंत बाजारात आलेल्या ध्वनिमुद्रिकांचा विचार झाला. परंतु हिंदुस्थानी संगीताचा खरा ठेवा तेथे नाही. तीन मिनिटांच्या तबकडीत ख्यालाचा आराखडा मावतो, ख्याल मावत नाही. तो आहे खाजगी मैफलींच्या चुंबकीय फितींवर. १९५० नंतर पुण्या-मुंबईतील, कोल्हापूर-सांगलीतील, नागपूर-इंदूरमधील रसिकांनी घरी आणलेल्या यंत्रांवर ज्या मैफली उतरवून घेतल्या, त्या फितींवर. आणि नेमके येथेच कायद्याने एक विलक्षण स्थिती निर्माण केली आहे.

कलम २७ नुसार ध्वनिमुद्रणाची ६० वर्षे प्रसिद्धीपासून मोजली जातात. प्रसिद्धच न झालेल्या ध्वनिमुद्रणाचे काय? त्याचे घड्याळ सुरूच होत नाही. शब्दशः अर्थ घेतल्यास असे मुद्रण कधीच मोकळे होणार नाही. कोणी तरी ती फीत परस्पर महाजालावर चढविली तर? कलम ४ नुसार हक्कधारकाच्या परवानगीवाचून केलेली प्रसिद्धी ही प्रसिद्धी मानली जात नाही. म्हणून त्यानेही घड्याळ सुरू होत नाही. आणि हक्कधारक कोण? गायक नव्हे. अधिनियमाच्या दृष्टीने ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे ते करण्यात पुढाकार व जबाबदारी घेणारा निर्माता, अर्थात ज्याने यंत्र लावले तो यजमान. मैफलीत कोणी ध्वनिमुद्रण करू नये याबाबत केसरबाई कमालीच्या दक्ष असत, हे प्रसिद्धच आहे. अशा गायिकेची इच्छा डावलून कोणी गुपचूप फीत केली असेल, तरी हक्काचा दावा सांगणार तो फीत करणाराच.

याची तुलना करून पाहावी. एखाद्या गायकाची १९५५ साली बाजारात आलेली तबकडी २०१६ च्या आरंभी सर्वांची झाली. त्याच गायकाची त्याच वर्षातील मैफल, त्याच रागाची, दीड तासांची, यजमानाच्या नातवाने २०२५ मध्ये रीतसर प्रसिद्ध केली, तर ती २०८५ अखेरपर्यंत संरक्षित राहील. धंद्यासाठी पैसे गुंतविणाऱ्या कंपनीला ६० वर्षे आणि हौसेने यंत्र लावणाऱ्याच्या कुटुंबाला १३०, हे तारतम्य कोणत्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही. १९११ च्या कायद्यातील साच्यापासूनची गणना या एका बाबतीत १९५७ च्या कायद्यापेक्षा अधिक शहाणी होती, असे म्हणावे लागेल. निर्मितीपासून ठराविक वर्षांत प्रसिद्धी न झाल्यास निर्मितीपासूनच गणना करावी, अशी दुरुस्ती करणे अवघड नाही. तिच्यासाठी आग्रह धरण्याचे काम संगीत विभागांनी केले पाहिजे. कंपन्या ते करणार नाहीत.

दरम्यान फिती कायद्याची वाट पाहत नाहीत. ॲसिटेटच्या जुन्या फितींना आंबूस वास येऊ लागला, की त्यांचे आयुष्य सरत आल्याचे समजावे. फीत आकसते, वळते, यंत्रावरून नीट सरकत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक, अव्यापारी ग्रंथालयाला आपल्याजवळील प्रत जतनासाठी विद्युत माध्यमात साठविण्याची मुभा दिली आहे. ती मुभा जतनापुरतीच आहे. त्यावरून ती सर्वांसाठी खुली करता येत नाही. महाविद्यालयाचे ग्रंथालय ‘सार्वजनिक’ या शब्दात बसते काय, यावरही दुमत होऊ शकते. तथापि वर्गात शिकवताना, किंवा संस्थेतील विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यापुरत्या श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रण ऐकविण्यास अधिनियमात स्वतंत्र सवलत आहे, आणि तिचा लाभ फारच थोडे विभाग घेतात. हक्कधारकाचा पत्ताच लागत नसेल, उदाहरणार्थ १९३० च्या दशकात मुंबईत निघून पुढे बंद पडलेल्या ‘यंग इंडिया’सारख्या कंपनीची संरक्षित मुदतीतील एखादी वस्तू असेल, तर कलम ३१-अ अन्वये अनिवार्य परवान्याचा मार्ग आहे. २०२१ मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळ रद्द झाल्यापासून त्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. एका फितीसाठी कोणते ग्रंथालय तेथवर जाईल, हे सांगणे नको.

व्यवहारात उरतो तो देणगीचा क्षण. संग्राहक थकतो, घर बदलते, मुले परदेशी असतात आणि फितींच्या पेट्या ग्रंथालयाच्या दारात येतात. त्या वेळी ग्रंथपाल पोच देतो ती पेट्यांची. वस्तू मिळते, हक्क मिळत नाही. कारण प्रताधिकाराचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसहच व्हावे लागते. ज्याने स्वतः मुद्रण केले तो हयात असेल, तर कलम २१ अन्वये निबंधकास सूचना देऊन किंवा जाहीर सूचनेद्वारे तो आपला हक्क सोडून देऊ शकतो आणि फीत त्याच दिवशी समाजाची होऊ शकते. हे कलम कर्त्याविषयी बोलते, वारसांविषयी नव्हे. तो गेल्यानंतर वारसांकडून अभिहस्तांतरणपत्र किंवा परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी सर्व वारस एकत्र यावे लागतात. म्हणून देणगीच्या पोचपावतीबरोबर एक पानी हक्कत्यागाचा मसुदा ठेवावा, त्यात मैफलीची तारीख, स्थळ, गायक, साथीदार, राग आणि मुद्रण कोणी केले एवढे रकाने असावेत, आणि दाता समोर बसलेला असतानाच ते त्याच्याकडून भरून घ्यावेत.